अष्टकोनी घड्याळ घरी करायचं तर सगळा वेळ कडेवर द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, मित्राच्या शेडमध्ये रविवारी लेथ वापरायला मिळतो, २५,००० रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे आणि ओडमार पिगे या स्विस कंपनीच्या रॉयल ओक या अष्टकोनी घड्याळावरून स्फूर्ती घेऊन स्वतःच्या हातानं एक मनगटी घड्याळ करायचंय. हे घरी होतं का, घड्याळाच्या आतलं मशीन कुठलं घ्यावं, आणि बाजारात मिळणारी तयार केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, घेतली तर चालेल का?

होतं. मी कोल्हापुरात उद्यमनगरात टूलरूमचं काम करतो आणि घड्याळदुरुस्ती मामांकडून शिकलो. आतापर्यंत माझी चार घड्याळं पूर्ण झाली, त्यांतली तीन अष्टकोनी. पहिल्याला १४ महिन्यांचे रविवार लागले. त्यातले जेमतेम दोन महिने मशीन, तबकडी आणि काटे यांत गेले. बाकी सगळा वेळ केस आणि बेझल (काचेभोवतीची वरची चौकट) यांच्या कडांवर गेला. तुम्ही मशीनपासून सुरुवात केलीत, बहुतेक जण तिथूनच करतात. मी मात्र कडेपासून सुरुवात करतो, कारण या डिझाइनचा जीव तिथे आहे.

मूळ घड्याळ आधी नीट समजून घ्या. १९७२ साली बाझलच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा आलं. डिझाइन जेराल्ड जेंटांचं. ३९ मिलिमीटर म्हणजे त्या काळात अंगापेक्षा मोठंच, त्यात साधं स्टील, आणि किंमत मात्र सोन्याच्या कित्येक घड्याळांपेक्षा जास्त. लोकांनी विचारलंच असेल की स्टीलला एवढे पैसे कशाचे? उत्तर हातात घेतल्यावर कळतं. घासलेला मंद पृष्ठभाग आणि आरशासारखी पॉलिश केलेली तिरकी पट्टी एकमेकांना भेटतात तिथे एक रेघ आहे. ती रेघ केसाएवढी बारीक, सरळ आणि धारदार आहे. मनगट हललं की एक बाजू काळी पडते, दुसरी चमकते. सोनं नसतानाही डोळा तिथे थांबतो तो या रेघेमुळे. पैसे त्या रेघेचे आहेत.

दुसरी गोष्ट स्क्रूंची. बेझलवर आठ स्क्रू दिसतात आणि आठांच्याही खाचा एका वर्तुळाच्या रेषेत बसलेल्या असतात. तुम्ही लेथवर काम केलंय, तेव्हा तुम्हाला लगेच शंका यायला हवी: स्क्रू घट्ट आवळल्यावर खाच कुठे थांबेल हे आपल्या हातात नसतं, मग आठही खाचा एका रेषेत येतात कशा? कारण ते फिरतच नाहीत. डोकं षट्कोनी आहे आणि बेझलमधल्या षट्कोनी खड्ड्यात ते बसलेलं असतं. आवळला जातो तो पाठीमागचा नट. म्हणजे वरून स्क्रूसारखा दिसणारा तो खरं तर बोल्ट आहे, आणि तो बेझल, गास्केट (पाणी अडवणारी मधली रबरी पट्टी) आणि केस यांना आरपार एकत्र धरतो. जेंटांना ही कल्पना पाणबुड्यांच्या जुन्या शिरस्त्राणावरून सुचली, त्यावरही काच अशीच बोल्ट आणि गास्केट लावून आवळलेली असते. तेव्हा तो स्क्रू सजावटीचा नाही, त्याला काम आहे. आठ खोटी डोकी नुसती चिकटवणार असाल तर ती अजिबात घालू नका, साधी गुळगुळीत बेझल करा. ती जास्त छान दिसते.

आता तयार केसबद्दल. हुबेहूब नकला, वर मूळ कंपनीचं नाव छापलेल्या, सहज मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याचं नाव आपल्या तबकडीवर घालणं हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, १४ महिने खपून त्यावर दुसऱ्याची सही कशाला? नाव नसलेल्या अष्टकोनी केसही मिळतात. त्या घेऊन मशीन बसवलं तर हातात एक घड्याळ येईल, पण तुम्हाला ‘करायचं’ आहे असं लिहिलंय. म्हणून केस स्वतः करा. आणि अष्टकोन घ्यायचा तर तो आपल्या नजरेनं घ्या. साताऱ्याजवळ लिंब गावात बारामोटेची विहीर आहे, अठराव्या शतकातली, वरून पाहिली तर अष्टकोनी. पुण्याला जाताना मी कितीदा तिथे थांबलोय. काठावर उभं राहून खाली बघितलं की दगडी बाजू एकामागे एक आत उतरत जातात आणि दर बाजूवर उजेड वेगळा असतो. माझ्या दुसऱ्या घड्याळाची तबकडी मी त्यावरून केली, मध्यभागाकडे उतरत जाणाऱ्या तीन अष्टकोनी पायऱ्या, प्रत्येक पायरी ०.१ मिलिमीटरची. रॉयल ओकच्या तबकडीवरची चौकटींची नक्षी करायच्या भानगडीत मी पडलो नाही. ती नक्षी मोठ्या साच्यावरून लहान आकारात कोरत जाणाऱ्या जुन्या गिलोशे मशीनवर होते, घरी तिची फक्त कच्ची नक्कल होते.

मशीनचं आता बघू, कारण केसची जाडी त्यावर ठरते. पहिल्या घड्याळाला बहुतेक जण सेकोचं एनएच ३५ घेतात आणि तेच घ्यावं. ऑटोमॅटिक, २४ खडे, तासाला २१,६०० ठोके, चावी पूर्ण असली तर ४१ तास चालतं, सुटे भाग मिळतात, मार सोसतं. पण ते ५.३२ मिलिमीटर जाड आहे. आता बेरीज करा: पाठ १.२, रोटरसाठी (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) मोकळी जागा ०.४, मशीन ५.३२, तबकडी ०.४, काट्यांसाठी १.९, काच १.५. झाले पावणेअकरा. मूळ रॉयल ओकमधलं मशीन ३.०५ मिलिमीटरचं होतं, म्हणून ते घड्याळ मनगटाला चिकटून बसतं. ३९ रुंद आणि ११ जाड असं घड्याळ केलंत तर ते डबीसारखं दिसेल. मियोटाचं ९०१५ हे ३.९ मिलिमीटरचं आहे, त्यानं एकूण जाडी नवाच्या आसपास येते, पण ते बरंच महाग पडतं आणि पहिल्या खेपेला हात थरथरत असताना त्याच्यावर प्रयोग करू नये. माझा सल्ला: एनएच ३५ घ्या आणि केसची खालची बाजू आत तिरकी उतरवा. खालचा भाग मनगटाच्या सावलीत जातो, बाजूनं बघणाऱ्याला सात-आठच मिलिमीटर दिसतात. जाडी लपवायची ही युक्ती घड्याळ बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत.

त्याआधी एक काम कराच. जुन्या बाजारातून एचएमटीची चावीची दोन-तीन बंद घड्याळं आणा. बंगळुरूचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झाला, आणि ‘जनता’, ‘पायलट’ यांतलं १७ खड्यांचं मशीन शिकायला इतकं चांगलं आहे की मी आजही नव्या मुलांना तेच उघडायला देतो. भाग मोठे, मांडणी सरळ. एकेक घड्याळ पाच वेळा पूर्ण सोडा आणि पाच वेळा जोडा. एकच अट, मुख्य कमान पूर्ण उतरवल्याशिवाय एकही पूल (चाकं वरून धरून ठेवणारी पट्टी) सोडायचा नाही. क्लिक (कमान उलटी सुटू न देणारी खिटी) बाजूला करून चावी हळूहळू बोटात उतरवून घ्यायची. मामा मला पहिले सहा महिने दुसरं काहीच करू देत नव्हते. चिमट्यानं स्क्रू उचलताना बोटाला किती जोर लागतो हे समजायला तेवढा वेळ लागतोच, आणि ते समजलं की पुढे सेकंद काटा बसवताना घाम फुटत नाही.

आता बेझल. कागदावर आधी दहापट मोठं काढा, मग खऱ्या मापाचं पुठ्ठ्यातून कापून मनगटावर दोन दिवस बांधून फिरा. माझी मापं सांगतो. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ३८ मिलिमीटर. मग एक बाजू १५.७४ येते, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४१.१३. हे शेवटचं माप विसरून लोक ४० चा बार आणतात आणि कोपरे पुरत नाहीत. ४५ चा बार घ्या. काच ३० मिलिमीटर व्यासाची, नीलमाची (सॅफायर) सपाट, १.५ जाडीची. अशी तयार मिळते आणि तिच्याबरोबर नायलॉनची रिंगही मिळते. म्हणजे बेझलची भिंत बाजूच्या मध्यावर ४ मिलिमीटर आणि कोपऱ्यात साडेपाच. स्क्रू कोपऱ्यांत येतात ते एवढ्यासाठी, तिथेच त्यांना जागा आहे. भोकांचं वर्तुळ मी ३५.५ व्यासाचं धरतो.

पहिली बेझल पितळेत करा. फ्री कटिंग पितळ लोण्यासारखं कापलं जातं आणि चुका स्वस्तात होतात. पितळेची पूर्ण केस करून वापरायचीही असेल तर पाठ स्टीलची ठेवा. घामानं पितळ कळकतं, अगदी कल्हई गेलेल्या भांड्यासारखं, आणि मनगटावर हिरवा डाग पडतो. पितळेत हात बसला की मग ३१६ एल स्टील. विकणारा ‘३१६ च आहे’ म्हणून ३०४ देऊ शकतो. चुंबक लावून काही कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, किंवा मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं किट आणा, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि ३०४ मध्ये मुद्दाम घातलेलं नसतं. घामातल्या मिठाला ३१६ टिकतं ते त्याच्यामुळे. कापताना एक लक्षात ठेवा: टूल नुसतं घासत राहिलं की या स्टीलचा वरचा थर कडक होतो, मग पुढचा कट लागतच नाही. धारदार कार्बाइड टिप, भरपूर कुलंट, आणि फीड मध्येच थांबवायचं नाही. माझ्या पहिल्या स्टील बेझलचं बोरिंग शेवटच्या ०.२ मिलिमीटरला असंच अडकलं, टूल घसरलं आणि कोपरा उडाला. आठ रविवारांचं काम गेलं.

अष्टकोन पाडायला डिव्हायडिंग हेड (जॉब ठरावीक अंशांनी फिरवणारं साधन) असेल तर उत्तम, दर ४५ अंशांवर एक बाजू मिलिंग करायची. नसेल तर शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून कानशीनंही होतो, मी एक तसा केलाय. बाजूंची मापं मायक्रोमीटरनं समोरासमोर बघत जायची आणि फरक ०.०३ च्या आत आणायचा. त्याहून जास्त फरक असला तर तो मापात नव्हे, स्क्रूंच्या ओळीत दिसतो, एक कोपरा जड वाटायला लागतो आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाही. स्क्रूची भोकं बेझल आणि केस एकत्र बांधूनच पाडा. वेगवेगळी पाडून नंतर जुळवायला जाऊ नका, आठ भोकं कधीच जुळत नाहीत.

स्क्रूंसाठी षट्कोनी खड्डे घरी पाडणं अवघड. मी गोल खड्डा पाडतो, त्यात एम १.४ चा, खाच असलेला गोल डोक्याचा बोल्ट टाकतो आणि मूळ घड्याळाचीच रीत पाळतो: वरचं डोकं स्थिर, फिरतो मागचा नट. खाचेत फिलर गेजची पातळ पट्टी उभी धरायची, ती वर्तुळाच्या रेषेत बघायची, आणि मागून नट आवळायचा, थ्रेडलॉकचा एक थेंब घालून. दोघं असाल तर पटकन होतं. माझ्या घरी पट्टी बायको धरते, आणि तिची नजर माझ्यापेक्षा सरळ आहे. बेझल आणि केस यांच्यामध्ये १ मिलिमीटरचं नायट्राइल रबर, बेझलचाच साचा ठेवून धारदार ब्लेडनं कापलेलं. मूळ घड्याळात हे काळं गास्केट बाहेरून दिसतं आणि ती काळी रेघच बेझलला केसपासून वेगळं काढते. ती लपवू नका.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलोय ते. कड.

बफिंगच्या चाकाला हात लावायचा नाही. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, किंवा कुठल्याही पॉलिशवाल्याकडे दिलंत तर दहा मिनिटांत आरसा करून देईल, आणि त्याच दहा मिनिटांत तुमच्या सगळ्या कडा गोल होतील. कापडाचं चाक मऊ असतं, ते कडेला वळसा घालतं. भांड्याला, दागिन्याला ते चालतं, तिथे गोलाईच हवी असते. इथे कड गेली की घड्याळ गेलं. म्हणून कडक आणि सपाट गोष्टींवरच काम करायचं: ८ मिलिमीटरची काच, ॲक्रिलिकच्या पट्ट्या, सागाच्या किंवा बांबूच्या काड्या.

आधी तिरकी पट्टी. बेझलच्या वरच्या कडेवर ४५ अंशांत ०.८ मिलिमीटर रुंदीची. कानस हातात धरून ती एकसारखी येत नाही, म्हणून मी एक छोटा जिग केला: लाकडी ठोकळ्यात बेझल ४५ अंशांत बसते आणि कानशीच्या दोन्ही बाजूंना कडक स्टीलच्या पट्ट्या असतात. ठरलेल्या रुंदीला पोचलं की कानस त्या पट्ट्यांवर टेकते आणि कापणं आपोआप थांबतं. मग ॲक्रिलिकच्या पट्टीवर चिकटवलेला पॉलिश पेपर, ४००, ८००, १२००, २०००. प्रत्येक नंबरला आधीचे सगळे ओरखडे जाईपर्यंत पुढे जायचं नाही. दर वेळी दिशा थोडी बदला म्हणजे जुने ओरखडे वेगळे दिसतात. मग बांबूच्या काडीवर हिऱ्याची पेस्ट, ६ मायक्रॉन, ३, १. प्रत्येक पेस्टची काडी वेगळी, डबी वेगळी, आणि मधे हात आणि जॉब साबणानं धुवायचे. ६ चा एक कण १ च्या काडीवर आला की अर्धा दिवस परत.

आठ बाजूंच्या आठ पट्ट्या झाल्या की वरची सपाट बाजू घासायची. काचेवर ४०० चा पेपर सपाट ताणून चिकटवायचा, बेझल उपडी ठेवायची, स्टीलची पट्टी कडेला लावून एकाच दिशेनं एकदा ओढायची आणि उचलायची. मागे न्यायची नाही. मागे गेली की रेघांना वळण येतं आणि ते टोकाला भोवऱ्यासारखं दिसतं. मी मोजून १२ ओढण्यांत संपवतो. गंमत बघा, काच सपाट आहे, म्हणून पेपर फक्त सपाट भागालाच लागतो आणि पॉलिश केलेल्या तिरक्या पट्टीला स्पर्शही करत नाही. म्हणून हा क्रम: आधी आरसा, नंतर घासणं. मंद भाग जिथे संपतो तिथे चमक सुरू होते आणि मधली रेघ आपोआप धारदार निघते. तीच ती १९७२ ची रेघ. पहिल्यांदा माझी अशी निघाली तेव्हा मी रात्री साडेअकराला शेजारच्या शेडमधल्या वेल्डरला उठवून दाखवायला नेली होती.

तपासायची रीतही सांगतो. ट्यूबलाइटखाली उभं राहा आणि बेझल तिरकी धरून ट्यूबचं प्रतिबिंब त्या चमकत्या पट्टीत पकडा. हात सावकाश हलवा. प्रतिबिंबाची पांढरी रेघ कडेपर्यंत सरळ गेली आणि तिथे तुटली तर कड खरी. कडेजवळ ती वाकली, पाघळल्यासारखी खाली उतरली, तर तिथे गोलाई आलीय. ०.०१ मिलिमीटरची गोलाई मायक्रोमीटरला दिसत नाही, पण ट्यूबलाइटला दिसते. तशी दिसली तर मनाची समजूत घालत बसू नका, ८०० वर परत जा.

केसच्या बाजूंना हेच सगळं लागू. तिथे पेपर ओढायचा तो उभा की आडवा हे आधी ठरवा. मी वरची बाजू उभी घासतो आणि कडेच्या बाजू आडव्या, म्हणजे दोन्ही कोपऱ्यात भेटताना उजेड वेगवेगळा पडतो.

तबकडीला ०.४ जाडीचं पितळ, व्यास २८.५. तबकडी मशीनवर धरणाऱ्या पायांना तांब्याची ०.७ ची तार, मागून डाखायची, जागा मशीनच्या डेटाशीटवरून घ्या आणि तबकडी सजवायच्या आधीच हे करा, डाखण्याच्या उष्णतेनं सजावट जाते. रंग मारण्यापेक्षा जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकड्या जशा चंदेरी करत तशी करून बघा. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मिठाचं पाणी घातलं की दह्यासारखा पांढरा साका बसतो, ते सिल्व्हर क्लोराइड. ते धुऊन त्यात मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर, हे बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, मिसळून ओल्या फडक्यानं एका दिशेनं घासलेल्या स्वच्छ पितळेवर चोळायचं. दोन मिनिटांत पिवळ्याचं पांढरं होताना दिसतं, मोत्यासारखं, प्लेटिंगसारखं चकचकीत नाही. मग नुसतं क्रीम ऑफ टार्टर चोळायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं, वाळवायचं आणि लगेच लॅकर मारायचं. हातमोजे आणि चष्मा लागतोच, नायट्रेटनं कातडी काळी पडते आणि डोळ्याला ते फार वाईट. उजेडात ठेवू नका, काळवंडतं. तासाच्या खुणा मी स्टीलच्या तारेतून कापतो, त्यांनाही तीच तिरकी पट्टी, तेच १ मायक्रॉनचं पॉलिश, आकार फक्त लहान.

काटे विकत घ्या, एनएच ३५ ला तास काटा १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२०. मग ते घरी निळे करा, पण विकत घेताना स्टीलचेच आहेत याची खात्री करा, पितळेचे निळे होत नाहीत. पॉलिश करून, बोट न लावता, पितळेच्या बुऱ्यावर ठेवून खालून तापवायचे. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि साधारण २९५ अंशांना निळा. जांभळा दिसला की श्वास रोखून बघायचं, निळा यायला काही सेकंद लागतात आणि जायलाही तेवढेच. आला की लगेच उचला.

जोडणीचं मी लांबवत नाही. चावी फिरवत तारीख बदलते तो नेमका क्षण पकडा आणि तिथे तिन्ही काटे १२ वर बसवा. मग बारा तास पूर्ण फिरवून आयग्लासमधून (डोळ्याला लावायचं भिंग) बाजूनं बघा, काटे एकमेकांना किंवा काचेला कुठेही लागता कामा नयेत. चावीचा दांडा कापताना ०.२ च्या वर एका वेळी कापू नका, आणि सुटे दोन दांडे जास्तीचे आणून ठेवा. काम करताना पंखा बंद, सुती बनियन घालून, कारण लोकरीचा आणि टेरिकॉटचा तंतू तबकडीवर येऊन बसतो आणि काच बंद झाल्यावरच दिसतो. वेळ लावायला टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळ किती पुढे-मागे पडतं ते दाखवणारं यंत्र) असला तर त्यावर लिफ्ट अँगल, म्हणजे या मशीनचं ठरलेलं माप, ५३ ठेवा. कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी सूट सांगते, पण थोडं जमवलं तर बहुतेक मशीन दहाच्या आत येतं.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. बंद घड्याळ साधारण ४० अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे हाताला उबदार लागेल एवढंच, आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरानं पुसून बघा. आतून धुकं दिसलं तर कुठून तरी दमट हवा आत शिरलीय. उघडायचं, वाळवायचं, गास्केट आणि चावीची ट्यूब तपासायची. घरी केलेलं घड्याळ पावसात भिजलं तर चालावं, हात धुताना काढायला लागू नये, एवढं माझं उद्दिष्ट असतं. पंचगंगेत पोहायला जाताना मी ते घरी ठेवतो.

पट्ट्याबद्दल. रॉयल ओकचा स्टीलचा पट्टा केसमधूनच वाहत निघतो आणि दर कडी आधीच्यापेक्षा किंचित लहान असते. शंभरच्या वर सुटे भाग, आणि कड्यांना तिरक्या पट्ट्या. पहिल्या घड्याळाला हे करायला जाऊ नका, केसच अर्धवट राहील. मी आमच्या इथल्या चपलांच्या कारागिराकडून बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं घेतो, ते आतून तासून १.८ पर्यंत आणतो आणि केसच्या मधल्या खाचेत बसेल असं टोक कापतो. सुरुवातीला ताठ असतं. महिनाभरात मनगटाचा आकार घेतं आणि घामानं गडद होतं. स्टीलच्या घासलेल्या कडेशेजारी ते फार शोभतं.

खर्चाचं बघितलं तर मशीन, काच, काटे, स्टील, पेपर आणि पेस्ट मिळून तुमच्या २५,००० पैकी निम्मे पुरतील. उरलेले चांगल्या कानशी, एक बरा आयग्लास आणि दोन चांगले चिमटे यांत घाला. स्वस्त चिमटा टोकाला उघडतो आणि स्क्रू उडवतो.

या महिन्यात फक्त पितळेचा ४५ चा बार आणा आणि एक बेझल करा, काच नाही, मशीन नाही, काहीच नाही. ती झाली की ट्यूबलाइटखाली तिरकी धरून जवळून फोटो काढा आणि पाठवा, शक्यतो दोन कोनांतून. पट्टीतली पांढरी रेघ कुठे वाकते ते बघून सांगतो. केसची मापं त्यानंतर ठरवू.